गोव्यात राहायला येताय? आधी समुद्राकडे पाठ करा

वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नोकरी लागली, आता काय काय माहिती पाहिजे, असं विचारणारे पुणे-कोल्हापूरकडचे लोक बरेच भेटतात आणि सगळ्यांच्या डोक्यात बीचचाच नकाशा असतो, कळंगुट वर, पाळोळे खाली, मधे कुठेतरी पणजी. सुट्टीपुरतं ठीक आहे ते. राहायचं असेल तर तालुक्यांचा नकाशा समोर घ्या. 12 तालुके, सगळं मिळून 3,702 चौरस किमी, देशातलं सगळ्यात लहान राज्य, त्यामुळे अभ्यास फार नाही.

आता दोन रंगांचे स्केचपेन घ्या. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव एका रंगात. हा भाग पोर्तुगीजांनी 16व्या शतकातच घेतला, याला जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण दुसऱ्या रंगात, या नव्या काबिजादी, त्यांच्या हातात आल्या त्या 18व्या शतकात. धारबांदोडा तालुका अलीकडचा, तोही दुसऱ्याच रंगात. मधे दोन-अडीचशे वर्षांचा फरक आहे आणि गोव्यातली अर्धी कोडी इथेच सुटतात, हे माझं ठाम मत.

उदाहरणार्थ देवळं. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. ही गावं जुन्या काबिजादीतली, तिकडे पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोक मूर्ती घेऊन झुआरी नदीपलीकडे आले, कारण फोंड्याचा भाग त्या वेळी आदिलशाहीत होता. म्हणून आज ही मोठी देवळं मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशी फोंड्याच्या आसपास थोड्या थोड्या अंतरावर आहेत. टुरिस्ट बसवाले एका सकाळी सगळी उरकतात, पण का एकत्र आहेत ते कोणी सांगत नाही.

भाषेचंही तसंच. नव्या काबिजादीत मराठी घरातली आहे, देवळात कीर्तन मराठी, जत्रेला रात्रभर चालणारं नाटक मराठी, सकाळी दारात मराठी पेपर. सासष्टीत गेलात की कोकणी, तीही बऱ्याच ठिकाणी रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, आणि मराठी नाटकाऐवजी तियात्र, म्हणजे कोकणी गाण्यांचं नाटक. तुमची मराठी बहुतेक सगळीकडे समजेल, पण मडगावच्या बाजारात दोन वाक्यं कोकणीत बोललात तर समोरच्याचा चेहरा बदलतो. आणि कोकणी ही मराठीचीच बोली ना, हा प्रश्न पहिल्या भेटीत काढू नका प्लीज. 1967 च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात जायचं की नाही यावर इथे घराघरात भांडणं झालीत, लोकांनी नको म्हटलं, मग 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवली, त्याच वर्षी 30 मेला गोवा राज्य झालं. अजून या विषयावर माणसं तापतात.

राज्याची चिन्हं पोरांच्या शाळेत विचारतातच, तेव्हा पाठ करून टाका. प्राणी गवा, पक्षी बुलबुल (गळ्याला केशरी-लाल रंग असलेला, घाटातल्या झाडीत दिसतो), मासा शेवटो, हा 2016 पासून. मुद्रेवर वृक्षदीप. माडाची तर गंमतच, 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्याला झाडाच्या व्याख्येतूनच काढलं होतं, एवढी बोंब झाली की 2017 मध्ये परत आत घेतलं.

भूगोल समजायला पश्चिमेकडून पूर्वेकडे एक चक्कर मारा, स्कूटरवर एका दिवसात होते. आधी रेती आणि माड, मग नदीकाठची खाजन शेतं, मग काजूचे डोंगर, मग खाणींची लाल माती, शेवटी सह्याद्री. यातलं खाजन नीट बघा. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारांनी आत-बाहेर सोडायचं, अशी जमीन गावकऱ्यांनी पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी तयार केलीय, पावसात त्यात भात आणि मानशीला मासे. मांडवी कर्नाटकातून म्हादई म्हणून येते, आणि तिचं पाणी वळवण्यावरून वाद का पेटतो ते ही खाजनं, खाडी बघितल्यावर जास्त चांगलं कळतं. मांडवी आणि झुआरीला जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा आहे, त्यात मगरी आहेत, खरंच आहेत, पोहायला उतरू नका.

पैशाचं बोलायचं तर टुरिझम दिसतो आणि खाण दिसत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथली गावंच्या गावं लोहखनिजावर चालायची, ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळ सगळं. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने काम थांबवलं, मग थोडं सुरू झालं, 2018 मध्ये 88 लीज रद्द होऊन परत बंद, 2022 पासून लिलाव सुरू झाले. त्या गावात दारात उभा गंजलेला ट्रक दिसला तर पर्यावरणावर भाषण द्यायच्या आधी जरा थांबा. बाकी नोकऱ्या फार्मा कंपन्यांत, बंदरात, हॉटेलात, आणि प्रत्येक आईबापाला पोरासाठी हवी असते ती सरकारीच.

रोजचं आता. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, पोळी आणि उंडो (दोन्ही पावाचेच प्रकार, आपली पोळी नव्हे) त्याच्याकडूनच घ्या, पाकिटातला ब्रेड विसरून जाल. दुपारी एक ते चार दुकानं बंद, बँकेबाहेरची कामं सकाळीच उरका. आळशी लोक म्हणून हसू नका, त्यातले कितीतरी पहाटे चारला उठलेले असतात. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरला मासेमारी बंदी, म्हणून मे महिन्यात सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), मिरची, कोकम भरून ठेवतात, त्याला पुरुमेंत म्हणतात, तुम्हीही ठेवा. पावसात नदीचे मासे मिळतात पण भाव विचारताना बसूनच विचारा. म्हापशाचा बाजार शुक्रवारी. चवथीला आपल्याकडच्यासारखी मंडळांची धामधूम कमी, घरचा गणपती मोठा, त्यावर रानातली फळं-फुलं बांधलेली माटोळी. त्या दिवसात प्लंबर, सुतार, गवंडी कोणी येणार नाही, फोनही करू नका.

कायद्यातलं एक लक्षात ठेवा, गोव्यात पोर्तुगीजांच्या 1867 च्या सिव्हिल कोडवर आधारलेला कौटुंबिक कायदा अजून चालतो, लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. इथली मुलगी किंवा मुलगा पसंत पडला तर आधी वकिलाला विचारा. जमीन घेतानाही तेच, विकणाऱ्याच्या बायकोची सही कुठंय ते पहिलं बघायचं.

घर भाड्याने घेताना वेर्ण्याला काम असेल तर मडगाव सोयीचं, कुंडईला असेल तर फोंडा. फोंड्याहून वेर्ण्याला बोरीच्या पुलावरून येणारे आहेत, पण सकाळी त्या पुलावर अडकायची तयारी ठेवा. रात्री आठनंतर आतल्या गावांना बस जवळपास नाही, तेव्हा स्कूटर लागणारच. भाडेकरू म्हणून पोलिस पडताळणीचा फॉर्म मालकाकडून भरून घ्या, टाळाटाळ करणारा मालक सोडून द्या. आणि घर बघायला शक्यतो मेच्या शेवटी जा, विहिरीला पाणी किती उरतं ते तेव्हाच दिसतं, मग जुलैत परत एक फेरी मारून भिंतींना ओल कुठून येते ते बघा.