‘शंभर टक्के विद्राव्य’ खत पिंपात का फुटते? ठिबकसाठी द्रावण तयार करण्याची रीत

तासगाव, मिरज किंवा कवठे महांकाळ तालुक्यातील कोणत्याही द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये विद्राव्य खतांच्या पिशव्या रचलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेकींवर ‘शंभर टक्के विद्राव्य’ असे छापलेले असते. हे शब्द खोटे नाहीत. मात्र ते त्या एकट्या खताविषयी आणि स्वच्छ पाण्याविषयी आहेत. आपल्या पिंपात दोन-तीन खते, बोअरचे पाणी आणि थंडीतील पहाटेचा गारवा एकत्र येतात, तेव्हा विरघळलेले खत विरघळलेलेच राहील अशी हमी पिशवी देत नाही. ड्रिपरमध्ये अडकणारा पांढरा साका पुष्कळदा न विरघळलेल्या खताचा नसतोच. पूर्णपणे विरघळलेल्या दोन खतांतील घटक पाण्यात भेटून जो तिसरा, अविद्राव्य पदार्थ तयार होतो, त्याचा तो असतो. पुढील सर्व काळजी हा तिसरा पदार्थ तयार होऊ नये यासाठी आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी. ज्या पाण्याने घरातील पातेल्याला किंवा हिटरच्या कॉइलला पांढरा थर धरतो, ते पाणी दुष्फेन, म्हणजे आपल्या बोलण्यातले जड पाणी होय. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ अविद्राव्य असल्याने भांड्याला चिकटतो. हाच कॅल्शियम 12-61-0 किंवा 0-52-34 (हे आकडे म्हणजे खतातील नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के) यांतील फॉस्फेटशीही संयोग पावतो. त्यामुळे ज्या घरी पातेल्याला थर बसतो, त्या घरच्या ठिबकमध्ये फॉस्फेटयुक्त खते जपून वापरावीत. म्हैसाळ किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचे नदीचे पाणी मिळत असताना चाललेले मिश्रण उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात फुटते, म्हणजे साका धरते, याचे कारण बहुधा खत बदलले हे नसून पाणी बदलले हे असते.

त्यानंतर प्रमाण ठरवावे. 20 अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात युरिया सुमारे 1,080 ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (13-0-45) सुमारे 316 ग्रॅम आणि पोटॅशियम सल्फेट (0-0-50) केवळ 110 ग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणजे 200 लिटरच्या पिंपात 0-0-50 हे खत तत्त्वतः 22 किलोपर्यंत मावते, परंतु व्यवहारात 10 ते 12 किलोच्या पुढे जाऊ नये, कारण ही मर्यादा तापमानाबरोबर हलते. 13-0-45 ची मर्यादा तर 10 अंशांना सुमारे 210 ग्रॅमपर्यंत खाली येते. शिवाय युरिया आणि 13-0-45 ही दोन्ही खते विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतात. पिंप बाहेरून हाताला गार लागते आणि ऐन विरघळण्याच्या वेळीच विरघळण्याची क्षमता घटते. म्हणून खत थोडे थोडे टाकून, मधे वेळ देऊन ढवळावे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या एका थंडीत मी 100 लिटर पाण्यात 25 किलो 13-0-45 आणि त्यावर थोडे 0-0-50 विरघळवून पिंप रात्रभर तसेच ठेवले होते. सकाळी तळाशी खड्यांचा थर पाहून खतात भेसळ आहे असे समजून मी भांडायच्या तयारीने निघालो होतो. ऊन वर आल्यावर ढवळले, तेव्हा त्यातील बराचसा भाग पुन्हा विरघळला. दोन्ही खतांत पोटॅशियम हा समान आयन असल्याने एकाच्या उपस्थितीत दुसऱ्याची विद्राव्यता कमी होते, ही शाळेत पाठ केलेली गोष्ट त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजली.

मिसळण्याचा क्रम असा ठेवावा. पिंप दोन तृतीयांश पाण्याने भरावे. आम्ल वापरायचे असल्यास ते प्रथम आणि नेहमी पाण्यात ओतावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये. त्यानंतर एकेक खत पूर्ण विरघळल्यावरच पुढचे घालावे आणि शेवटी पाण्याची पातळी पूर्ण करावी. कॅल्शियम नायट्रेट मात्र या रांगेत कधीच उभे करू नये. ते एकटे अतिशय विद्राव्य आहे, परंतु सल्फेटशी गाठ पडताच जिप्सम तयार होते, जे लिटरला जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम विरघळते, आणि फॉस्फेटशी गाठ पडल्यास तयार होणारे कॅल्शियम फॉस्फेट त्याहूनही कमी विरघळते. कॅल्शियम नायट्रेट स्वतंत्र दिवशी द्यावे किंवा दोहोंच्या मधे साध्या पाण्याने लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, पूर्ण धुऊन घ्याव्यात. मॅग्नेशियम सल्फेट आणि 12-61-0 यांची जोडीही विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) पाण्यात धोक्याची असते. त्यातून मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट तयार होते आणि हाच क्षार माणसाच्या व जनावरांच्या काही मूतखड्यांतही सापडतो. डॉक्टर मूतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी पिण्यास सांगतात, त्यामागेही द्रावण पातळ राखण्याचाच हेतू असतो.

क्रम पाळूनही नवे मिश्रण थेट पिंपात करू नये. त्याच विहिरीचे किंवा बोअरचे एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घेऊन पिंपातील प्रमाणानेच खते विरघळवावीत. 200 लिटरला 10 किलो द्यायचे असेल तर बाटलीत 50 ग्रॅम. दोन तास बाटली हलवू नये आणि नंतर उजेडात धरून दुधाळपणा, तरंगते कण किंवा तळाचा साका दिसतो का ते पाहावे. येथे बहुतेक जण थांबतात, आणि माझ्या मते खरी चूक येथेच होते. 12-61-0 चे दाट द्रावण आम्लधर्मी असल्याने बाटलीत नितळ राहते, परंतु व्हेंच्युरीतून (खताचे द्रावण ओढून पाइपात सोडणाऱ्या साधनातून) पुढे मुख्य पाइपमधील जड पाण्यात पातळ होताच आम्लता उतरते आणि तेथे साका धरतो. म्हणून दुसऱ्या बाटलीत तेच द्रावण ठिबकच्या पाण्यात होते तितके पातळ करून तीही दोन तास तपासावी. दोन्ही बाटल्या नितळ राहिल्या तरच मिश्रण वापरावे.

द्रावण मातीत पोचल्यावरही हाच प्रश्न पाठ सोडत नाही, कारण मुळे केवळ विरघळलेलीच अन्नद्रव्ये शोषू शकतात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह भरपूर असते. तरीही सामू 8 च्या पुढे गेल्यावर ते अविद्राव्य रूपात अडकते आणि कोवळ्या पानांवर केवडा, म्हणजे पिवळेपणा, दिसू लागतो. अशा जमिनीत दिलेले फेरस सल्फेटही लवकरच त्याच वाटेने जाते. ईडीटीए चिलेट (लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे संयुग) सामू साडेसहाच्या पुढे कमकुवत ठरते, तर ईडीडीएचए चिलेट उच्च सामूतही लोह विरघळलेले ठेवते. ते महाग असले तरी आपल्या जमिनीत पैसा त्यावरच घालावा.

जिबरेलिक अ‍ॅसिडची, म्हणजे द्राक्षावर वापरल्या जाणाऱ्या संजीवकाची, गोष्ट वेगळी आहे. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून मोजलेली पूड आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये, आगीपासून दूर, पूर्ण विरघळवावी आणि मग पाणी ढवळत ढवळत त्यात बारीक धारेने सोडावी. 100 लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग).

बोर्डो मिश्रणात मात्र साका हवाच असतो. फ्रान्समधील बोर्डो येथे मिलार्डे यांनी 1885 मध्ये जगापुढे आणलेल्या या मिश्रणात मोरचुदाचे विद्राव्य तांबे चुन्याच्या संयोगाने अविद्राव्य होते. तसे झाले नाही तर तांबे पाने जाळते. झाले तर ते पानाला चिकटून राहते आणि दवात, पावसात अगदी थोडे थोडे विरघळून बुरशीला रोखते. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत प्रत्येकी 50 लिटर पाण्यात भिजवावा आणि दोन्ही द्रावणे गाळून तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतावीत. मग विळ्याचे स्वच्छ, गंज नसलेले पाते त्यात थोडा वेळ बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे असे समजून चुन्याचे द्रावण थोडे थोडे वाढवावे व पाते पुसून पुन्हा बुडवावे. पाते कोरे निघाल्यावर मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवावे, कारण शिळ्या मिश्रणातील कण मोठे होतात आणि पानाला नीट चिकटत नाहीत.