आयव्हीएफच्या आधीची गर्भनिरोधक गोळी: पाकीट फोडण्याआधी काय काय बघायचं

"मॅडम, मूल व्हावं म्हणून आलो आणि तुम्ही मूल न होण्याची गोळी देताय?" समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की हल्ली चिठ्ठी हातात देतानाच उत्तर देऊन टाकते. म्हणून तयारीतलं पहिलं काम दवाखान्यातलं नाही, घरातलं आहे. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारांचं घरी माहीत असेल, तर गोळीचंही आधीच सांगून ठेवा. एकीच्या सासूबाईंनी पाकिटावरचं 'माला-डी' वाचलं आणि रात्री जेवणं झाल्यावर मुलालाच समोर बसवलं. त्या बिचारीनं लपवलं काहीच नव्हतं, फक्त सांगायचं राहिलं होतं.

सांगायचं ते साधं आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दर महिन्याला बीजांडांना (अंडाशयांना) हुकूम सोडते, आणि त्यातलं एखादं बीज पुढे पळतं, बाकीची मागे पडतात. गोळी चालू असेपर्यंत तो हुकूम थांबतो. मग बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू होतात तेव्हा सगळी बीजं साधारण एका रेषेत असतात, आणि आदल्या महिन्याची एखादी गाठ (सिस्ट) राहून सायकल, म्हणजे उपचारांची ती फेरी, रद्द होण्याची शक्यताही कमी होते. गंमत म्हणजे गोळीचा इतिहासही वंध्यत्वाच्या दवाखान्यातून जातो. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. जॉन रॉक यांनी मूल न होणाऱ्या ८० बायकांना याच जातीची संप्रेरकं काही महिने दिली, पुढे मूल व्हावं म्हणून. बंद केल्यावर त्यातल्या १३ जणींना दिवस गेले. अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली ती नंतर, १९६० साली.

पण गोळीचं खरं काम पुष्कळदा तारखा जुळवण्याचं असतं, आणि हे डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही. लहान शहरांतल्या बऱ्याच सेंटरवर एम्ब्रिऑलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ तयार करणारे तज्ज्ञ) कायमचे नसतात, पुण्या-मुंबईहून ठरावीक दिवसांसाठी येतात. त्या आठवड्यात दहा जणींची बीजं काढायची तर दहा जणींच्या पाळ्या जवळपास आणाव्या लागतात. यात वाईट काही नाही, लॅब नीट चालायची तर ते लागतंच. तरी विचारा, "ही गोळी माझ्या तब्येतीसाठी आहे की तारखेसाठी?" कारण वंध्यत्वतज्ज्ञांच्या 'एश्रे' या युरोपीय संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय, की अँटॅगोनिस्ट पद्धतीच्या (बीज वेळेआधी फुटू नये म्हणून मधूनच दुसरं इंजेक्शन जोडतात त्या) सायकलआधी १२ ते २८ दिवस ही गोळी देऊ नये, यश थोडं कमी होताना दिसतं. ज्यांचा एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) मुळातच कमी आहे त्यांना तर गोळीनं बीजांडं जास्तच दबण्याची भीती असते, म्हणून अनेक डॉक्टर तिथे ती टाळतात. 'माझी पद्धत कोणती, लाँग की अँटॅगोनिस्ट?' एवढं विचारायला कुणी रागावत नाही. रागावलं, तर तेही आधीच कळलेलं बरं.

आता फाइल. एएमएच आणि बीजकोश (बीजं वाढतात त्या छोट्या पिशव्या) मोजायची सोनोग्राफी गोळी सुरू करण्याआधीच करून घ्या, कारण गोळीवर असताना दोन्ही आकडे खोटे खाली दिसतात आणि उगाच धसका बसतो. ब्लडप्रेशर मोजून घ्या. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखणारी अर्धशिशी असेल, पस्तिशीनंतरही सिगारेट चालू असेल, तर आधी सांगा. अशांना ही गोळी सहसा देत नाहीत. मिश्री लावत असाल तर तीही सांगा. "तंबाखू नाही हो, नुसती मिश्री," असं म्हणणाऱ्या खूप भेटतात. टीबीची औषधं चालू असतील तर त्यातल्या रिफाम्पिसिननं गोळीचा असर उतरतो, फिट्सच्या काही गोळ्यांचंही तसंच. गर्भाशयाचा टीबी आपल्याकडे वंध्यत्वाचं नेहमीचं कारण आहे, म्हणून हे मुद्दाम विचारते. आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर लाजू नका. तीही संप्रेरकाचीच असते आणि तिच्यामुळे आमचा सगळा हिशोब चुकतो.

कागदपत्रांचं एका दमात सांगते: दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट, नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट. २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार (अशा उपचारांसाठीचा कायदा) बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ लागतं. फॉलिक अॅसिड एव्हाना चालू असायलाच हवं.

पाळी आली की नुसते डाग धरू नका, नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. त्याच दिवशी सेंटरला फोन करा. रात्री उशिरा आली तर कुठला दिवस धरायचा, हे प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं, विचारून घ्या. गोळी साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सुरू होते.

आणि पाकीट. माला-डी, माला-एनच्या २८ गोळ्यांत २१ पांढऱ्या संप्रेरकाच्या आणि ७ तपकिरी, त्या नुसत्या लोहाच्या. सायकलच्या तयारीत सहसा फक्त पांढऱ्याच घ्यायच्या असतात, त्याही डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंतच. एका ताईंनी पांढऱ्यांऐवजी तपकिरी गोळ्यांपासून सुरुवात केली. आठ दिवसांनी फोनवर बोलताना पाकिटावरचा रंग विचारला तेव्हा कळलं. त्या महिन्याची तारीख गेली. चूक त्यांची नव्हती, चिठ्ठीवर रंग लिहायचा आमच्याकडूनच राहिला होता. तेव्हापासून मी तपकिरी ओळीवर पेनानं फुली मारून देते. तुम्हाला कुणी दिली नाही तर स्वतः मारा. शेवटच्या गोळीची तारीख पाकिटावरच लिहा.

जेवणानंतर, रोज एकाच वेळी घ्या, मळमळ कमी होते. एक राहिली तर आठवल्याबरोबर घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. पण सेंटरला कळवा. दोन-तीन तासांत उलटी झाली तरी कळवा. मधेच डाग दिसले म्हणजे पाळी आली असं समजून गोळी थांबवू नका. मात्र एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखून दम लागला किंवा अचानक दिसेनासं झालं, तर सेंटर उघडायची वाट न बघता जवळचं हॉस्पिटल गाठा.

लाँग पद्धतीत गोळी संपायच्या आधीच रोजचं एक इंजेक्शन सुरू होतं. दोन्ही एकाच दिवशी लिहिलेलं बघून चिठ्ठी चुकली असं वाटतं, ती चुकलेली नसते. अँटॅगोनिस्टमध्ये शेवटच्या गोळीनंतर साधारण पाच दिवस मोकळे सोडतात. दोन-चार दिवसांत रक्तस्राव येतो, नेहमीपेक्षा कमीच. घाबरू नका, दिवस मोजा आणि फोन करा. गोळीनंतर इंजेक्शनचे दिवस एखाद-दोनानं वाढू शकतात, औषधही थोडं जास्त लागतं. तेव्हा ऑफिसात रजा मागताना आणि पैसे बाजूला काढताना दोन दिवस वरचे धरा.

सोनोग्राफीला येताना रिकामं पाकीट बरोबर आणा. त्यात पांढरी गोळी उरलेली असेल तर वाटेत फेकून देऊ नका. मला ती बघायचीच असते, कारण त्यावरून इंजेक्शनची तारीख ठरते.