लहानपणीच ‘शहाणी’ झालेल्यांनी आता काय करावं

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आमचे बाबा. काही महिन्यांनी ते कोकणात गावी गेले, आई खानावळीचे डबे करू लागली आणि रेशनची रांग, रॉकेल, धाकटे दोघे भाऊ माझ्या वाट्याला आले. चाळीत कौतुक व्हायचं, “पोर किती शहाणी!” त्या शहाणपणाचं व्याज पन्नाशीतही फेडतेय.

आधी दुखणं ओळखा. लग्नाला गेलात तरी पाय कोठीच्या खोलीकडे वळतात? सहलीत सगळे पाण्यात आणि तुम्ही काठावर पिशव्या राखत? कुणी “बस गं जरा” म्हटलं की धस्स होतं? लोक याला स्वभाव म्हणतात, मानसशास्त्रात ‘पॅरेंटिफिकेशन’, म्हणजे लहान वयातच घरच्यांचे आईबाप होऊन बसणं. त्या वयात आपण बसलो तर खरंच दूध उतू जायचं.

मग त्या वयाचं एखादं मूल नीट बघा. माझी अकरा वर्षांची भाची बुटाची नाडी सुटली तरी हाक मारायची. मी एवढीशी होते, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर एकच काम सोडा, तेही फुटकळ. मी धाकट्याला विजेच्या बिलाची आठवण करणं सोडलं. सत्तेचाळीस वर्षांचा आहे तो! पहिल्याच महिन्यात दंड लागला. दंड त्याने भरला, झोप माझी उडाली. पुढच्या महिन्यात त्याने बिल वेळेवर भरलं, तर मला चक्क राग आला. येतोच. फोन मात्र करू नका.

मजा एकदम झेपत नाही. रोज दहा मिनिटं पुरेत. मी सागरगोटे आणले. पहिले दोन आठवडे दार लावून खेळले.

आईकडे हिशेब मागितला नाही. एकदा एवढंच म्हटलं, “मला तेव्हा भीती वाटायची.” ती म्हणाली, “कधी बोलली नाहीस.” बोलायला सवड कुणाला होती!

झोप कायमचीच उडाली किंवा सगळं नकोसं झालं, तर सागरगोट्यांवर विसंबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि गरम जेवा. रविवारी आमच्याकडे नवरा पोळ्या करतो. तिसरी ताटात पडेपर्यंत उठायचं नाही, असं मी ठरवलंय. दुसरीलाच उठते.