बक्षीस म्हणून दाखवलेला सिनेमा: नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी एक अनुभव

गोव्यात पर्वरीच्या डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) शिक्षकाची पदविका घेऊन मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत रुजू झालो, तेव्हा तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एकाच खोलीत माझ्याकडे आले. मुले एकोणीस. एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्याला वाचन घ्यायचे, या कसरतीत पहिले दोन महिने गेले. मुलांचे लेखन वेळेत पूर्ण होईना, म्हणून ऑगस्टमध्ये मी जाहीर केले की ज्यांचे आठवड्याचे लेखन शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल, त्यांना माध्यान्ह आहारानंतर माझ्या लॅपटॉपवर सिनेमा पाहायला मिळेल. आज नव्याने रुजू होणारे कित्येक शिक्षक हाच मार्ग धरतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. म्हणून त्यातून माझ्या वर्गात काय झाले, ते सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या शुक्रवारी पंधरा मुलांनी सिनेमा पाहिला आणि चार मुले खिडकीखाली, पडद्याकडे पाठ करून, वह्या पूर्ण करत बसली. त्यांतला एक मुलगा तिसरीत होता. त्याचे आईवडील कर्नाटकातून बांधकामाच्या कामावर आलेले, घरी कन्नड, वाड्यावर खेळताना कोंकणी आणि शाळेत मराठी. तो फळ्यावरचे एक अक्षर पाही, मान खाली घालून ते लिही आणि पुढच्या अक्षरासाठी पुन्हा मान वर करी. मागे मुले हसली की हाही हसे, कशाला ते न कळता, केवळ आवाजाला. पुढच्या दोन्ही शुक्रवारी खिडकीखाली तीच चार मुले होती. तिसऱ्या शुक्रवारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की तो आळशी मुळीच नाही. शब्द ओळखीचा नसल्यामुळे त्याला प्रत्येक अक्षर चित्रासारखे उतरवावे लागत होते. ज्याला मराठी कानावर पडण्याची सर्वाधिक गरज होती, त्यालाच मी दर आठवड्याला तासभर पाठमोरा बसवत होतो.

ज्यांना बक्षीस मिळत होते, त्यांचेही भले झाले नाही. गुरुवारी दुपारपासून अक्षर बिघडू लागे, कारण वही सुबक होण्यापेक्षा संपणे महत्त्वाचे झाले होते. सोमवारी सकाळी प्रार्थना होताच पहिला प्रश्न येई, "सर, आयज पिक्चर आसा?" अमेरिकेतल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली बालवाडीच्या मुलांवर केलेला प्रयोग मी पुढे वाचला आणि मला माझा वर्ग आठवला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ज्या मुलांना आधी प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले गेले, ती मुले नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना ते प्रशस्तिपत्र अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. माझ्या मुलांनीही लेखन हे सिनेमासाठी भरायचे भाडे मानले होते.

वेळेचाही हिशेब आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 कामाचे दिवस आणि 800 अध्यापनाचे तास ठरवले आहेत. आठवड्याला दोन तासांचा एक सिनेमा धरला तरी वर्षाकाठी सत्तरएक तास जातात. एवढे तास केवळ बक्षिसापोटी खर्च झाले, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांनी विचारल्यावर द्यायला आपल्याकडे उत्तर नसते, आणि ते असायला हवे.

म्हणून मी सिनेमा बंद केला नाही, त्यावरची अट काढली. दिवाळीच्या सुटीनंतर सर्व एकोणीस मुलांना 'द रेड बलून' हा 1956 सालचा फ्रेंच लघुपट दाखवला; एका मुलामागे मित्रासारखा फिरणाऱ्या लाल फुग्याची ती गोष्ट आहे. तो 34 मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे घरी कोणतीही भाषा बोलणारे मूल त्यात मागे पडत नाही. बोलायचे ते मुलांनीच बोलायचे असते. दगडांच्या माऱ्याने फुगा आकसत खाली येतो, तिथे मी चित्र थांबवले आणि आता पुढे काय होईल, असे विचारले. खिडकीखाली बसणारा तो मुलगा उठून म्हणाला, "जत्रेत नवा भेटतो, पण तो याला ओळखणार नाही." शाळेत त्याने स्वतःहून बोललेले हे पहिले पूर्ण मराठी वाक्य होते. त्या दिवशी कोणीही न सांगता अकरा मुलांनी फुग्याविषयी लिहिले. त्याने दोन ओळी लिहिल्या, त्याही फळ्याकडे न पाहता.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी आदल्या दिवशी चित्रपट स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा, कोणी शिफारस केली असली तरीही. मी एकदा अर्धाच पाहून दाखवला आणि त्यातल्या आजीच्या मृत्यूच्या प्रसंगाला एक मुलगी हुंदके देऊन रडू लागली. तिची आजी नुकतीच गेली होती, हे मला ठाऊक होते. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्रही पाहावे. 2023 च्या चित्रपट कायद्यातील दुरुस्तीनंतर 'यूए' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) वर्गात 7, 13 आणि 16 वर्षे असे टप्पे आले आहेत, त्यामुळे 'यूए' म्हणजे सर्वांना चालेल असे धरू नये. यूट्यूबवरून थेट लावल्यास मध्येच येणाऱ्या जाहिराती आपल्या हातात नसतात, याचाही विचार करावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित व्यक्तींपुरता चित्रपट दाखवता येतो; पालक-शिक्षक संघाने तोच देवळाच्या मांडवात तिकीट लावून दाखवायचे ठरवले, तर ती सवलत लागू होत नाही.

चित्रापेक्षा आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे. पावसात पत्र्यावर सरी कोसळत असताना लॅपटॉपचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही, तेव्हा छोटा स्पीकर आणावा आणि तो चार्ज करून ठेवावा, कारण आमच्याकडे जून-जुलैत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. उद्देश, थांबवण्याची जागा आणि विचारायचे दोन प्रश्न पाठाच्या टाचणात आधीच लिहावेत. मी त्यापुढे कोणते मूल काय बोलले हेही लिहून ठेवतो आणि पुढचा लघुपट निवडताना ज्यांच्या नावापुढची जागा कोरी राहिली आहे त्यांचा विचार आधी करतो. गणेश चवथीच्या सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी मात्र मी काहीही विचारत नाही. त्या दिवशी सर्व मुले गोणपाटावर एकत्र बसतात आणि एक लघुपट फक्त मजेसाठी पाहतात. कोणाची वही पूर्ण आहे आणि कोणाची नाही, हे मी त्या दिवशी तपासत नाही.