महागडा चहा आणि घरातला हिशोब

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा, मागवला की घरी बायकोचा पहिला प्रश्न येतो, १०० ग्रॅमला १५०० रुपये? तेव्हा पाकिटाची किंमत सांगत बसू नका, कपाची सांगा. एका कपाला साधारण अडीच ग्रॅम पत्ती लागते म्हणजे १०० ग्रॅममध्ये ४० कप, कप पडला साडेसदतीसला, आणि चांगल्या पत्तीतून दुसऱ्यांदाही चहा उतरतो त्यामुळे खरं तर १९ च्या आतच. कॅफेतली एक कॉफी किती पडते ते तिलाही माहितीये.

पण नुसत्या आकड्यांनी कोणी पटत नाही, माझी बायकोही पटली नाही. रविवारी सकाळी दोघांसाठी करा. पाणी उकळलं की दोन मिनिटं थांबा, मग पत्तीवर ओता, तीन मिनिटांत गाळा, दूध-साखर काही नको. काचेच्या ग्लासात केलात तर पानं उलगडताना दिसतात, हिरवट सोनेरी रंग येतो, ते तिला बघू द्या. आणि महिन्याची रक्कम आधीच ठरवून घ्या, पार्सल लपवून तर अजिबात आणू नका, भांडण पैशापेक्षा लपवण्यावरूनच जास्त होतं. आमच्याकडे आता दुसरा कप तीच मागते.