जुनी लष्करी रायफल घेताय? भाव ठरवताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात ओहायोतल्या एका दादांचा फोन आला, म्हणाले अरे गन शोमध्ये इशापूरची (बंगालमधल्या आपल्या सरकारी कारखान्यातली) रायफल दिसलीय, आपल्या हवालदारांच्या खांद्यावर असायची तसलीच, विकणारा ९०० डॉलर म्हणतोय, परत अशी दिसायची नाही, घेऊन टाकू का? मी म्हटलं दादा पैसे काढू नका, आधी फोटो पाठवा. फोटो आले तर नळी आखूड, पुढे फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा तुकडा) लावलेला, लाकूड अर्धं कापलेलं. रायफल इशापूरचीच होती पण तिला कापून जंगल कार्बाइन या आखूड लष्करी रायफलीसारखं रूप दिलेलं होतं, आणि हे सैन्याने केलेलं नव्हतं, अमेरिकेत आल्यावर इथल्या इंपोर्टरने केलेलं. कलेक्टरच्या बाजारात अशा रायफलला सहसा न कापलेल्या रायफलएवढा भाव मिळत नाही, मग ९०० कशाचे?

अमेरिकेतले आपले बरेच लोक आता या छंदात पडलेत आणि जवळपास सगळे एकाच ठिकाणी फसतात, म्हणून हे लिहितोय. नाव ऐकून भाव लावायचा नसतो. मोसिनचा भाव, माउझरचा भाव, गॅरंडचा भाव असं रायफलीच्या नावावर काही नसतं, तुमच्या हातात जी एक रायफल आहे तिचा भाव असतो.

पहिली चूक म्हणजे जुना भाव डोक्यात धरून बसणं. २०१० च्या आसपास रशियन मोसिन-नागांत ९१/३० शंभर डॉलरच्या आत मिळायची, घट्ट वंगणात (ग्रीस) बुडवलेली, लाकडी पेट्यांतून आलेली. तेव्हा घेतलेला माणूस आज तुम्हाला सांगणार की साडेतीनशे-चारशे म्हणजे लूट आहे. लूट नाही, तोच आजचा भाव आहे, कारण माल यायचा बंद झालाय. चीनमधून बंदुका आणायला १९९४ मध्ये बंदी आली आणि स्वस्तातल्या चिनी एसकेएस रायफली संपत गेल्या. २०१४ नंतर रशियावर निर्बंध आले, २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवरही बंदी आली. आणि त्याच्याही मागे जायचं तर १९६३ साली इटालियन कारकानो रायफल दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला पोस्टाने घरी यायची, केनेडींवर झाडलेली अशीच शिकागोच्या दुकानातून पोस्टाने मागवलेली होती. त्या हत्येनंतर कायद्याची मागणी वाढत गेली आणि १९६८ च्या कायद्याने पोस्टाने बंदूक मागवणं बंद झालं, लष्करी सरप्लसची (सैन्यांनी काढून टाकलेल्या मालाची) आयातही अडली, ती ८० च्या दशकात जुन्या कलेक्टेबल बंदुकांपुरती पुन्हा सुरू झाली. म्हणजे भाव नेहमी नळ चालू की बंद यावर हलतो. उद्या कुठल्यातरी देशाचं गोदाम उघडलं आणि हजारो नग आले तर आजचा भाव खालीही येईल, हे घेताना लक्षात असू द्या.

दुसरी चूक सगळ्यात जास्त लोक करतात, ऑनलाइन लिस्टिंग उघडायची, मागितलेली किंमत वाचायची आणि तोच भाव समजायचा. अहो मागायला काय, कोणी कितीही मागेल, ती लिस्टिंग सहा-सहा महिने तशीच पडून असते. ऑक्शन साइटवर संपलेले आणि खरंच विकले गेलेले व्यवहार वेगळे बघता येतात, तेच बघा, त्याच मॉडेलचे त्याच अवस्थेतले निदान दहा-पंधरा बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या, मधे जो पट्टा राहतो तो तुमचा भाव.

आणि बोली म्हणजे किंमत नव्हे! मोठ्या ऑक्शन हाउसमध्ये बोलीच्या वर खरेदीदाराचं कमिशन लागतं, १५ टक्के धरा, कुठे २० च्या वरही जातं. समजा तुम्ही ७०० ला बोली जिंकलात, त्यावर १५ टक्के म्हणजे १०५, पाठवायचे ५०, तुमच्या गावातला लायसन्सवाला डीलर ट्रान्सफरचे, म्हणजे बंदूक तुमच्या नावावर करायचे, ३५ घेणार, झाले ८९०, टॅक्स वेगळाच. तीच रायफल ओळखीच्या दुकानात ८२५ ला समोर ठेवलेली असेल, हातात घेऊन नळीत बघता येत असेल, तर ती स्वस्त पडली ना.

आता मॅचिंग नंबर, म्हणजे रायफलीच्या सगळ्या भागांवर कारखान्यातच ठोकलेला एकच नंबर. हा विषय थोडा खोलात जाऊन सांगतो कारण पैशाचा खरा फरक इथेच पडतो. जर्मन के-९८ माउझर रायफल घ्या. युद्धात रशियनांनी लाखो रायफली पकडल्या, नंतर त्यांच्या आर्सेनलमध्ये (शस्त्रागारात) सगळ्या खोलल्या, साफ केल्या, पुन्हा रंग चढवला आणि जो पार्ट हाताला लागेल तो बसवला. मग बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) इलेक्ट्रिक पेन्सिलने रिसीव्हरचाच (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा) नंबर कोरला. म्हणून नंबर जुळतात, पण त्या रायफली मॅचिंग नाहीत, त्यांना कलेक्टर रशियन कॅप्चर म्हणतात आणि भाव साधारण ७०० ते १००० च्या आसपास असतो. याउलट कारखान्यातून निघाली तशीच्या तशी, सगळे नंबर मूळचे ठोकलेले, एखाद्या अमेरिकन सैनिकाने घरी आणलेली के-९८ सहज २००० च्या वर जाते. दोन्हीच्या लिस्टिंगवर ‘ऑल मॅचिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. ओळखायचं कसं, तर ठोकलेला नंबर खोल आणि एकसारखा असतो, कोरलेला वरवरचा, हाताने लिहिल्यासारखा वाकडा. रिसीव्हरवर एक्सची खूण आणि लाकडावर चकचकीत तांबूस शेलॅक दिसला की रशियन कॅप्चर समजा. मी स्वतः एका गन शोमध्ये घाईघाईत मॅचिंग म्हणून जास्त पैसे मोजले, घरी येऊन भिंगातून बघितलं तर बोल्टवर पेन्सिलचे आकडे. तेव्हापासून खिशात भिंग आणि छोटा टॉर्च असल्याशिवाय जात नाही.

जपानी अरिसाका रायफलीचं असंच. रिसीव्हरवर सम्राटाचं शेवंतीचं फूल असतं, शरणागतीनंतर सोपवलेल्या बहुतेक रायफलींवरचं ते घासून टाकलेलं आहे. फूल शाबूत असेल तर भाव चांगलाच चढतो, म्हणून कोणी नव्याने फूल कोरलंय का तेही नीट बघा.

साफसफाईबद्दल हात जोडून सांगतो. जुन्या रायफलीच्या लाकडाला पॉलिश पेपर लावू नका! आपल्याला वाटतं किती मळलंय, घासून चकचकीत करू, आणि त्या घासण्यात आर्सेनलचे शिक्के जातात, इन्स्पेक्टरची मोहोर जाते, जे बघून पुढचा माणूस पैसे देणार होता तेच जातं. माझ्या पहिल्या मोसिनचं मी हेच केलं आणि त्याचं आजही वाईट वाटतं. कॉस्मोलिन, म्हणजे गंज लागू नये म्हणून फासलेलं ते घट्ट ग्रीस, काढायचं असेल तर मिनरल स्पिरिट्स, जुना कपडा आणि भरपूर वेळ, बस. धातूवर नवीन ब्लूइंग (निळसर काळा थर) नको, रिसीव्हरला दुर्बिणीसाठी भोकं तर अजिबात पाडू नका, दोन भोकांनी अर्धी किंमत जाऊ शकते. आणि जुनी सरप्लस काडतुसं वापरलीत तर त्यातल्या प्रायमरचे (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी) क्षार नळीत राहतात, तेल ते काढत नाही, आधी पाण्याने धुवा मग तेल लावा, नाहीतर चांगली नळी काही दिवसांत गंजते आणि गंजलेल्या नळीचा भाव तुम्हाला माहितीच आहे.

परत इशापूरकडे येतो, कारण आपल्या लोकांचा जीव तिथेच अडकलेला असतो. थ्री नॉट थ्री म्हटलं की आपल्याला पोलीस चौकी आठवते, २६/११ ला सीएसटीवर आपले पोलीस तीच घेऊन उभे होते हे आठवतं, आणि या मायेपोटी माणूस जास्त पैसे देतो. द्या, पण काय घेताय ते तरी कळू दे. इशापूरची २ए१ मॉडेलची रायफल ही थ्री नॉट थ्री नाहीच! १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ती ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली. जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केली हा इथे पसरलेला गैरसमज आहे, ती नवीन आणि जास्त मजबूत स्टीलमध्येच बनलेली आहे. मॅगझिन बघा, चौकोनी खोक्यासारखं, १२ काडतुसांचं. बट सॉकेटवर (मागचं लाकूड जिथे बसतं तो धातूचा भाग) आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, कॅलिबर आणि वर्ष असतं. न कापलेली, बरी नळी असलेली २ए१ साधारण ४०० ते ६०० मध्ये मिळायला हवी.

दुसरा प्रकार म्हणजे इशापूरचंच ४१० मस्केट, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्री बदलून केलेलं, नळी आतून गुळगुळीत, एका वेळी एकच गोळी, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. बाहेरून बघून भलेभले फसतात. ते मस्केट म्हणून घ्या, मस्केटच्या भावाने घ्या, आणि थ्री नॉट थ्रीचं काडतूस त्यात चुकूनही नको. तिसरं, पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती मोडकी म्हणून सोडू नका, ती ग्रेनेड फेकायची रायफल आहे, ती तार फॅक्टरीचीच.

जिवाशी खेळ होईल अशा दोन गोष्टी. अमेरिकन एम१९०३ रायफलीत स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ च्या आतल्या नंबरांचे रिसीव्हर जुन्या पद्धतीने तापवलेले आहेत, ठिसूळ निघू शकतात, ती भिंतीवर ठेवायची, झाडायची नाही. आणि जपानी ट्रेनिंग रायफल, नळी गुळगुळीत, शाळेतल्या मुलांच्या कवायतीसाठी केलेली, त्यात खरं काडतूस फुटलं तर रिसीव्हर फुटेल. बाकी कुठलीही जुनी रायफल झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर) तपासा, पैसे फार लागत नाहीत.

व्हिसाचं राहिलं, आणि हे खरं तर भावाच्या आधी बघायचं. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही, व्हॅलिड हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. ग्रीन कार्डवर चालतं, राज्याचे नियम वेगळे बघा. सीएमपी या जुन्या लष्करी रायफली विकणाऱ्या अमेरिकन संस्थेकडून गॅरंड घ्यायची असेल तर मात्र अमेरिकन नागरिकच लागतो, पण तिथे आलेली गॅरंड तपासून ग्रेड लावलेली असते म्हणून रांगेत थांबणं परवडतं. पन्नास वर्षांवरच्या बंदुकांसाठी कलेक्टरचं लायसन्स आहे, ३ वर्षांचे ३० डॉलर, दर वेळचा ट्रान्सफरचा खर्च बऱ्याच राज्यांत वाचतो. आणि रिटायर होऊन पुण्याला जाताना सोबत नेऊ असं मनात असेल तर काढून टाका, थ्री नॉट थ्री आणि ७.६२ भारतात प्रोहिबिटेड बोअर (सामान्य लोकांना बंदी असलेली मापं) आहेत.

दादांनी शेवटी ती कापलेली सोडली आणि एका म्हाताऱ्या कलेक्टरकडून स्विस के-३१ घेतली, ६५० ला, नंबर मूळचे, नळी आरशासारखी. मी त्यांना म्हटलं बटप्लेटचे दोन स्क्रू काढून बघा. बऱ्याच के-३१ मध्ये तिथे ज्या सैनिकाला ती दिली होती त्याच्या नावाचा आणि तुकडीचा कागद दुमडून ठेवलेला सापडतो. त्यांच्यात निघाला, पिवळा पडलेला, अक्षर वाचता येतंय. आधीच्या मालकाने इतकी वर्षं तो बाहेर काढून हरवला नव्हता. दादांनी फोटो काढला आणि कागद होता तसा परत आत ठेवून स्क्रू लावले.