इम्प्लांटसाठी छोटा रिसीव्हर: जुळवणी पाण्यात, डेटा वेगळ्या वाटेने

बडोद्यात कलाभवनात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना इम्प्लांटचा (शरीरात बसवायच्या उपकरणाचा) हा रिसीव्हर, म्हणजे बाहेरच्या ट्रान्समीटरकडून कॉइलने बिनतारी पॉवर आणि डेटा घेणारा भाग, नमुना म्हणून टेबलावर सहज उभा करता येईल. फक्त टेबलावर. माणसाला किंवा प्राण्याला लावायचा तर एथिक्स कमिटी आणि २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आहेत, तिथे पळवाट शोधू नका.

मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ०.२ मिमीची इनॅमलची तार आणा. २० मिमी व्यासावर वेढ्याला वेढा लावून ७ वेढे द्या. इंडक्टन्स साधारण २ मायक्रोहेन्री येतो. ट्रान्समीटरच्या १३.५६ मेगाहर्ट्‌झला त्याच्याशी सुमारे ६९ पिकोफॅरड जुळतात (रेझोनन्स होतो), पण तेवढा कपॅसिटर सरळ डकवू नका. डायोड आणि पीसीबीची कपॅसिटन्सही त्यातच मोजायची असते. ४७ पिकोफॅरडचा एनपीओ (तापमानाने जवळजवळ न बदलणारा सिरॅमिक कपॅसिटर) आणि समांतर छोटा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) लावा. एक्स७आर प्रकारचा नको, तापमान बदललं की तो सरकतो. कॉइलच्या पोटात बॅटरी किंवा सलग कॉपर ठेवलंत तर एडी करंट (धातूत गोल फिरणारे प्रवाह) सगळी ताकद खातील.

जुळवणी हवेत करून थांबू नका. कॉइलवर सिलिकॉनचा थर द्या, लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा आणि फक्त कॉइल बुडवा, बोर्ड वर कोरडा. जवळ एका वेढ्याची लूप धरून नॅनोव्हीएनएवर (फ्रिक्वेन्सीनुसार आलेख काढणारं छोटं मापनयंत्र) खाच, म्हणजे कॉइल जुळते तिथला आलेखातला खड्डा, बघा. ती खाली सरकलेली दिसेल, कारण पाण्यामुळे कॉइलची कपॅसिटन्स वाढते. थर जितका पातळ, तितकी सरक जास्त. ट्रिमर फिरवून खाच पाण्यातच १३.५६ वर आणा.

पॉवरसाठी एसीचं डीसी करणारा शॉट्की डायोडांचा ब्रिज, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जादा व्होल्टेज रोखणारा ५.१ व्होल्टचा झेनर आणि १.८ व्होल्टचा रेग्युलेटर पुरे. बहुतेक जण अडकतात ते डेटात. डेटा सिग्नलच्या चढउतारात असतो; त्या १ मायक्रोफॅरडवर तो शोधाल तर तो पुसलेलाच मिळेल. कॉइलवरून वेगळा डायोड काढा, पुढे १० किलोओहम आणि ४७० पिकोफॅरड समांतर. सेकंदाला १० हजार बिट त्यातून नीट उतरतात. ते १० किलोओहम दोन रेझिस्टरांत विभागा, नाहीतर १.८ व्होल्टवरच्या कंपॅरेटरला (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर की खाली ते सांगणारी चिप) जास्त व्होल्टेज बसेल. कोडिंग मँचेस्टर (प्रत्येक बिट अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली) ठेवा, म्हणजे कंपॅरेटरची सरासरीवर लावलेली पातळी ढळत नाही.

ट्रान्समीटर जवळ आणताच डेटा गेला, तर आधी झेनर बघा: तो सतत वाहू लागला की सिग्नलचा चढउतार सपाट होतो. ट्रान्समीटरची ताकद कमी करा. आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब कॉइलवर टेकवू नका. त्याचे दहा-पंधरा पिकोफॅरड जुळवणी बिघडवतात. प्रोब डायोडच्या पुढेच लावा.